गावच्या जुन्या चर्चला नवीन पाळक हवाय? मग आधी हे करा

जय ख्रिस्त. पाळकांची बदली झाली किंवा ते रिटायर झाले की गावच्या मंडळीत पहिल्यांदा काय होते, तर चार मोठे लोक गाडी करतात आणि नागपूरला बिशपसाहेबांकडे जातात, "साहेब, आम्हाला चांगला पाळक द्या". चांगला म्हणजे कसा, हे विचारलं की प्रत्येकाचं वेगळं. एकाला दमदार उपदेश पाहिजे, एकाला घरोघरी येणारा पाहिजे, पोट्ट्यांना गिटार वाजवणारा पाहिजे, आणि पेटीवाल्या काकांना जुनी गीतं जुन्याच चालीत पाहिजेत. समोर बसलेल्या साहेबांना यातून काय कळणार? मग जो उपलब्ध असतो तो येतो, आणि वर्षभरात तोही वैतागतो आणि मंडळीही. हे टाळायचं कसं त्याच्यावर लिहून राहिले, मुख्यतः सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) लहान, जुन्या, गावाकडच्या मंडळ्यांसाठी, पण बाकीच्यांनाही चालेल.

पद्धत अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चची आहे. ते चर्च अँग्लिकन कम्युनियनमधलं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या जगभरच्या चर्चेसच्या कुटुंबातलं, आपलं सीएनआयसुद्धा त्यातच आहे, त्यामुळे परकं काही नाही. तिथे पॅरिशच्या, म्हणजे एका ठिकाणच्या मंडळीच्या, मुख्य पाळकाला रेक्टर म्हणतात आणि त्याला निवडते ती वेस्ट्री, म्हणजे आपल्या पास्टरेट कमिटीसारखी लोकांनी निवडून दिलेली कमिटी, तिच्यात दोन वॉर्डन, म्हणजे मंडळीतले दोन मुख्य कारभारी, असतात. रेक्टर गेला की वॉर्डन बिशपला कळवतात, डायोसीसकडून (बिशपच्या हाताखालचा सगळा भाग) कोणीतरी मदतीला येते, शोध कमिटी बसते, मंडळीची सगळी माहिती लिहून काढतात, मग नावं येतात, मुलाखती होतात, नाव बिशपकडे जाते आणि वेस्ट्री निवड करते. वर्ष सहज जाते यात. व्हर्जिनियासारख्या भागात इंग्रजांच्या राज्यापासूनच्या गावाकडच्या पॅरिश आहेत, इमारत देखणी, कब्रस्तान जुनं आणि रविवारी बाकांवर माणसं थोडी, तर अशा लहान पॅरिशला पूर्णवेळ पाळकाचा पगार परवडत नाही म्हणून कोणी अर्धवेळ रेक्टर ठेवते, कुठे दोन-तीन पॅरिश मिळून एक ठेवतात. ओळखीचं वाटते ना?

आता आपल्याकडे नेमणूक बिशपसाहेब करतात, वेस्ट्रीसारखा निवडीचा अधिकार आपल्या कमिटीला नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो मागायला पण जाऊ नये, गावात दोन पार्ट्या पडतात आणि मग त्या पिढ्यानपिढ्या जात नाहीत. पण त्यांची ती माहिती लिहायची जी पद्धत आहे, पॅरिश प्रोफाइल म्हणतात तिला, ती घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. चार पानांचा खरा कागद. हा एक कागद झाला तर अर्धं काम झालं असं समजा.

पण कागदाच्या आधी रजिस्टरं. जुने पाळक सामान बांधण्याआधी चार्ज लिस्ट करून घ्या. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं, दफनाचं, सभासदांची यादी, प्रभुभोजनाचा प्याला आणि ताट, कपाटाच्या चाव्या, बँकेचं पासबुक, लाइटबिलाची फाइल, जागेच्या कागदांच्या झेरॉक्स. सगळं लिहून पाळकांची सही, सेक्रेटरीची सही, तारीख. लग्नाच्या रजिस्टरला विशेष जपा कारण आपली लग्नं १८७२ च्या ख्रिश्चन मॅरेज अॅक्टखाली लागतात आणि उद्या कोणाला पासपोर्टला, पेन्शनला, वारसाला दाखला लागला की त्याच पानावर यावं लागते. ते रजिस्टर कोणाच्या घरी कपड्यांच्या पेटीत राहायला नको.

मधल्या काळात उपासना बंद पडू देऊ नका. उपासना चालवणं, वचन वाचणं, उपदेश, हे मंडळीतला तयार माणूस किंवा बाई करू शकते, पण प्रभुभोजन प्रेस्बिटरच, म्हणजे दीक्षा झालेला पाळकच, देणार, म्हणून शेजारच्या पाळकांकडून महिन्याचा एक रविवार आत्ताच ठरवून घ्या आणि त्यांचा पेट्रोलचा खर्च त्याच दिवशी हातात द्या, मागायला लावू नका. लग्नसराई असेल तर तारखा आधी त्यांना विचारा आणि मग पत्रिका छापा.

आता मंडळीला विचारायचं काम. उपासनेनंतर सभा घेऊन विचारलं तर तेच चार लोक बोलतात जे नेहमी बोलतात. घरोघरी जा. दोघं-दोघं जा, त्यातली एक बाई असू द्या, म्हणजे सुना बोलतील. जे यायचे बंद झाले त्यांच्याकडे तर नक्कीच जा, आणि जी पोरं नोकरीला नागपूरला हिंगण्याकडे, बुटीबोरीला गेली, नाताळालाच दिसतात, त्यांना फोन करा. "कसा पाळक पाहिजे" हे विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी "प्रेमळ आणि प्रार्थनाशील" येते आणि ते सगळ्यांना लागू पडते. विचारायचं ते असं: मागच्या काही वर्षांत तुम्हाला पाळकाची खरी गरज कधी पडली, आणि तेव्हा काय झालं? चर्चमधली कोणती गोष्ट बंद पडली तर तुम्हाला लागेल? आणि नवीन माणूस आला तर तुम्ही स्वतः कोणतं काम उचलाल? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. एखादी आजी म्हणेल की मेडिकलमध्ये भरती होती तेव्हा कोणी प्रार्थनेला आलं नाही, तर तेच लिहा, "आजारी भेटी वाढवण्याची आवश्यकता" असं गुळगुळीत करून टाकू नका, त्या आजीचं दुःख त्यात हरवते.

मग कागद लिहायला बसा. लिहिणारे दोन-तीनच जण, जास्त नको.

इतिहास अर्धं पान. प्रत्येक जुन्या मंडळीला आपला इतिहास लिहायची हौस असते, कोणत्या मिशनरीसाहेबांनी पाया घातला, घंटा कुठून आली, आणि ती हौस चुकीची नाही, पण येणाऱ्या पाळकाला त्यातलं एकच फार कामाचं असते: तुमची मंडळी मुळात कोणत्या घराण्यातली. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा चर्चेस एकत्र येऊन झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (हे दोघं आधीच एका चर्चमध्ये आलेले) होते, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स होते. नागपुरात १८४५ ला स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि इंग्रज छावणीबरोबर आलं ते अँग्लिकन. कागदावर आपण सगळे एक झालो याला पन्नास वर्षांच्या वर झाली, पण गावात सवयी जुन्याच आहेत. कुठे प्रभुभोजनाला रेलिंगपाशी गुडघे टेकतात, कुठे बाकावर बसूनच घेतात. सीएनआयमध्ये बाळाचा बाप्तिस्मा पण मान्य आहे आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला पण, तर तुमच्याकडे काय चालते ते साफ लिहा. बाहेरून आलेला पाळक पहिल्याच महिन्यात एखादी सवय नकळत मोडतो आणि लोक ते वर्षानुवर्षं धरून ठेवतात. भाषेचंही लिहा. जबलपूरकडून हिंदीत शिकून आलेला पाळक असू शकतो, तर म्हाताऱ्या मंडळींना उपदेश मराठीतच कळतो की हिंदी चालते, हे आधी माहीत असलेलं बरं.

हजेरी खरी लिहा. नाताळची आणि ईस्टरची गर्दी सांगू नका, साध्या रविवारची मोजा. एपिस्कोपल चर्चमध्ये प्रत्येक पॅरिश दरवर्षी रविवारची सरासरी हजेरी वर कळवते, आकडा लहान असला तरी. आपल्याकडे शेतीचं बघून मोजा, पेरणी-निंदणीच्या दिवसांत वेगळी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वेगळी, कारण वेचणीला अर्धी मंडळी सकाळीच शेतात असते आणि नवीन पाळकाला वाटते लोक रुसले. उपासनेची वेळ त्या दिवसांत संध्याकाळी केली तर चालेल का, हे पण याच कागदात येऊ द्या.

पैशाचं सगळ्यात जास्त लपवतात आणि सगळ्यात जास्त भांडण त्याचंच होते. महिन्याचं अर्पण किती, वर्गणी किती घरं देतात, डायोसीसकडे काही थकलेलं आहे का, लाइटबिल आणि वॉचमनचा खर्च किती. तिकडे एपिस्कोपल चर्चमध्ये पॅरिशला पाळकाच्या पगाराशिवाय त्याच्या १८ टक्के रक्कम पेन्शन फंडात भरावी लागते, आणि कामाच्या अटी, सुट्ट्या, राहायचं घर हे सगळं लेटर ऑफ अॅग्रीमेंटमध्ये लिहितात. आपल्याकडे मानधनाचे नियम डायोसीस ठरवते, पण प्रवासाचा खर्च कोण देणार, मोबाइल-रिचार्ज, गॅस सिलेंडर, पाहुणे उपदेशक आले तर जेवण कोणाकडे, या बारक्या गोष्टी मंडळीच ठरवते आणि नेमक्या याच कोणी लिहीत नाही. पाळकाच्या बायकोने गृहीत धरून सगळ्यांचा चहा करायचा, ही पद्धत असेल तर ती बंद करा, ती नोकरीला जाणारी पण असू शकते.

पाळकाच्या घराबद्दल मी जास्त लिहिणार कारण पाळक टिकतो की नाही ते पुष्कळ वेळा घरावर ठरते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या घरात जाऊन बसा. नागपूरकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, वर नुसते टिनाचे पत्रे असतील आणि खाली लहान लेकरू असेल तर त्या घरात माणूस कसा राहील ते तुम्हालाच कळेल. कूलरला पॉइंट आहे का, खिडकीला जाळी आहे का, मोटर चालू केल्यावर पाणी वरच्या टाकीत जाते की मधेच गळते, संडासाची कडी आतून लागते का, पावसाळ्यात कौलं कुठे गळतात ते घमेलं ठेवलेल्या जागेवरून ओळखा. जे दुरुस्त होते ते पाळक यायच्या आधी करा, जे होत नाही ते लिहा. एक विनंती, स्वागताच्या घाईत चर्चच्या जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचं प्लास्टर मारू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांनी पोपडे धरून भिंतच सुटायला लागते. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री मिळेपर्यंत नुसती सफेदी केलेली चालते.

शाळा, दवाखाना, बस हे पण टाका. सेमी-इंग्लिश शाळा किती लांब, रात्री बिमार पडलं तर कुठे नेतात, नागपूरची शेवटची बस किती वाजता.

आणि भांडण झालं असेल तर तेही. जुन्या पाळकांशी पटलं नव्हतं, कमिटीत दोन गट आहेत, जागेची केस चालू आहे, जे असेल ते नावं न घेता तीन-चार ओळीत लिहा. असं काही: "आमच्या मंडळीत काही वर्षांपूर्वी कब्रस्तानच्या भिंतीच्या पैशावरून वाद झाला. तीन घरं तेव्हापासून येत नाहीत. आम्हाला ती परत यायला पाहिजेत आणि आमच्याच्याने ते झालं नाही." हे वाचून चांगला पाळक पळत नाही, उलट तो तयारीने येतो. "आमची मंडळी प्रेमळ व एकजुटीची आहे" हे वाचून मात्र त्याला काहीच कळत नाही. स्त्री पाळक आल्या तर काय, हा विषयही आधीच घरोघरी काढा. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने तर १९७६ लाच ते मान्य केलं, आणि गावात सासू-सुनेचं, मारझोडीचं, दारूचं जे बायका पुरुष पाळकाला सांगत नाहीत ते बाई पाळकाला सांगतात. माझं मत विचाराल तर गावाकडच्या मंडळीला याची जास्त गरज आहे.

कागद झाला की रविवारी उपासनेत पूर्ण वाचून दाखवा, पैशासकट आणि भांडणासकट. लोक ऐकून गप्प होतील, कोणी उठून दुरुस्ती सांगेल, ती करा. मग दोघंच जण बिशपसाहेबांकडे जा, आधी अपॉइंटमेंट घेऊन. सोबत आमदाराची चिठ्ठी नको, अमक्याचा भाचा नुकताच बीडी (पाळकाच्या शिक्षणाची पदवी) करून आलाय हे नको, नाव सुचवूच नका. कागद द्या, पोच घ्या, आणि एकच मागणं करा: ज्यांना आमच्याकडे पाठवाल त्यांना हा कागद ऑर्डर निघायच्या आधी वाचायला द्या, आणि जमलं तर कुटुंबाला घेऊन एकदा येऊन जाऊ द्या. आले तर हार-तुरे, भाषणं राहू द्या, घर दाखवा, चर्च दाखवा, साधं जेवण द्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. मुलाखत तुमची पण चालू आहे हे लक्षात ठेवा.

पाळक आल्यावरचं थोडं. पहिले काही महिने मंडळीतल्या एका घराने त्यांच्यासोबत फिरायची जबाबदारी घ्यावी, कोणत्या गल्लीत कोण, कोणाकडे दुःख झालेलं, कोणाला गोड चालत नाही. वहीत लिहिलेली घरोघरची उत्तरं त्यांच्या हातात द्या, ती आजीची गोष्ट त्यांनी वाचू द्या आणि पहिली भेट तिच्याकडे होऊ द्या. उपासनेत बदल करायचा असेल तर आधी कमिटीत बोलायचं, आणि कमिटीने पण "आधीचे साहेब असं करत नव्हते" हे वाक्य बंद करायचं. जुन्या पाळकांवर तुमचं कितीही प्रेम असू दे, बारसं, लग्न, मयत यासाठी थेट त्यांना फोन लावू नका. एपिस्कोपल चर्चमध्ये गेलेला रेक्टर नवीन रेक्टरने बोलावल्याशिवाय जुन्या पॅरिशमध्ये असे विधी करत नाही, आणि हे आपल्याकडेही पाळायला हवं. लेकीच्या लग्नात जुने पाळक पाहिजेच असतील तर नवीन पाळकांच्या घरी जा, त्यांना सांगा, निमंत्रण त्यांनाच द्यायला लावा.