हिप्पी नाटुकल्यासाठी टाय-डाय बनियन

बीबीसी टूवर १९९९ साली 'हिप्पीज' ही विनोदी मालिका आली, सहा भागांत संपली. काळ १९६९ चा, जागा लंडन. गॅदरिंगला तसलं प्रहसन बसवायचं तर आधी टाय-डाय, म्हणजे बांधून रंगवलेले, कपडे हवेत.

बनियन शंभर टक्के सुतीच घ्या; पॉलिस्टर मिसळलं की रंग फिका उतरतो. कोरी असेल तर खळ धुऊन काढा. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात ती २० मिनिटं भिजवा आणि पिळा. खाण्याचा सोडा इथे चालत नाही.

मधोमध चिमटा धरून जिलबीसारखी गोल गुंडाळा, तीन रबरं आडवी-तिडवी लावा. सहा फाका दिसतील. थंड पाण्यात बसणारा रिॲक्टिव्ह (धाग्याशीच जोडला जाणारा) रंग २५० मिलिलिटरला ५ ग्रॅम पुरे. होळीचा रंग धुण्यात जातो. पूड कालवताना नाकाला फडकं, हातात मोजे. बोअरचं जड पाणी रंगाला मारक, म्हणून फिल्टरचं घ्या. लाल नि हिरवा शेजारी नकोत, मातकट होतं. दोन्ही बाजूंनी, घडीच्या पोटापर्यंत ओता; पांढरे डाग राहतात ते इथल्याच कंजुषीने.

मग प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधा. रंग ओलेपणीच धाग्याला धरतो, आणि जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात उघडं कापड बघता बघता कोरडं होतं. उन्हाळ्यात सहा-आठ तास खूप झाले. जानेवारीच्या गारठ्यात पूर्ण २४ द्या. रबरं न सोडता आधी गार पाण्याने खळबळा, मग सोडून गरम पाणी नि साबण.