कोझी मिस्ट्री वाचताना पेन्सिल हाताशी ठेवा

कोझी मिस्ट्री या सौम्य रहस्यकथेच्या प्रकारात खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. मृतदेह सापडतो तो सगळं उरकल्यावर, आणि लेखकही तिथे फार रेंगाळत नाही. शिव्या नाहीत, शृंगार दाराआड, मांजराच्या तर केसालाही धक्का लागत नाही. गाव लहान, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. शोध घेणारी बाई पोलिसांतली नसते. तिची बेकरी असते, किंवा ती ग्रंथपाल असते, किंवा निवृत्त शिक्षिका. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली कादंबरीत आली, आणि विणकामाच्या सुया ही तिची ओळखच. आजच्या बहुतेक नायिका तिच्याच लेकी-नाती.

इथे डीएनए आणि बोटांचे ठसे शोधत बसलात तर निराश व्हाल. या पुस्तकांतला पुरावा म्हणजे बहुधा कुणाच्या तरी बोलण्यातली विसंगती.

मालिका असेल तर पहिल्या भागापासूनच वाचा. प्रत्येक भागातला खून त्याच भागात उलगडतो हे खरं, पण माणसं पुढे जात राहतात. पाचवा भाग आधी वाचला आणि त्यात एक गृहस्थ नायिकेच्या दुकानात निवांत कॉफी पिताना दिसले, की दुसऱ्या भागात त्यांच्यावर संशय घेण्यात मजा उरत नाही. पहिला भाग मात्र बऱ्याचदा संथ असतो, कारण दुकान, गाव आणि नातेवाईक यांची ओळख करून देण्यातच पानं जातात. मालिका सोडायची की धरायची, हे दुसऱ्या भागानंतर ठरवा.

आता पेन्सिल. एका कागदावर प्रत्येक संशयितासाठी चार गोष्टी लिहा: मृताशी नातं, त्याच्या मरणाने काय फायदा, त्या वेळी कुठे होतो म्हणून सांगितलं, आणि ते कोणत्या पानावर. खरे संशयित चार ते सहाच असतात, बाकी गाव गर्दीपुरतं. रोनाल्ड नॉक्स या ब्रिटिश धर्मगुरूने, जो स्वतःही रहस्यकथा लिहीत असे, १९२९ साली या खेळाचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाच्या नजरेला पडलेला असला पाहिजे, हा त्यातला पहिला. त्याचा सरळ उपयोग करा. तीनशे पानांच्या पुस्तकात पंचाहत्तराव्या पानापाशी कागदावर आडवी रेघ मारा. रेघेनंतर आलेल्या नव्या माणसावर वेळ घालवू नका. नियम मोडणारे लेखक आहेत, पण कोझीत कमी.

धागा लपवायच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि खरी मेहनत इथेच घ्यायची. टेबलावरच्या पाच वस्तूंची यादी आली, तर कामाची वस्तू मधे कुठेतरी असते. पहिली आणि शेवटची लक्षात राहते हे लेखकाला पक्कं ठाऊक असतं. कुणी काही महत्त्वाचं बोलतं आणि तेवढ्यात फोन वाजतो, कुत्रा भुंकतो, भट्टीतला केक करपतो. अशा वेळी गोंधळाच्या आधीचं वाक्य परत वाचा. गावातल्या बडबड्या बाईचं बोलणं सगळे हसण्यावारी नेतात, पण तिने सांगितलेल्या वेळा बऱ्याचदा अचूक निघतात. आणि पोलिसांनी जाहीर न केलेला तपशील, समजा गळ्याभोवतीच्या स्कार्फचा रंग, कुणाच्या तोंडून सहज निघाला, तर पान नंबर टिपून ठेवा.

बेकिंगची, विणकामाची, बागेची वर्णनं अनेक वाचक उडी मारून ओलांडतात. ही मोठी चूक. छंद हे या कथांमधलं घड्याळ असतं. यीस्टचं पीठ फुगायला तासभर तरी लागतो. कुणी ‘अर्ध्या तासात पीठ मळून पाव भाजून काढला’ म्हणत असेल, तर ती खोटं बोलते आहे किंवा पीठ दुसऱ्या कुणी आधीच मळून ठेवलं होतं. तैलरंगाचं जाड थराचं चित्र एका रात्रीत वाळत नाही, हेही तसंच.

हुलकावण्याही ओळखीच्या. पोलीस आधी ज्याला धरतात तो बहुधा नायिकेचा भाऊ, मैत्रीण किंवा नोकर असतो, आणि तो निर्दोषच असतो. नाहीतर ती तपासात पडलीच नसती. सगळ्यांत उद्धट माणूस काहीतरी लपवत असतो, पण ते बहुतेकदा कर्ज किंवा प्रेमप्रकरण निघतं. प्रत्येक गुपितापुढे एकच प्रश्न लिहा: हे झाकायला कुणाला मारावं लागेल का?

पुस्तकाच्या मध्याच्या आसपास दुसरा खून होण्याची शक्यता मोठी. ‘मला काहीतरी कळलंय, उद्या भेटून सांगते’ असं म्हणणारी उद्या पाहत नाही. पहिल्या मृताचे शत्रू दहा असू शकतात. दुसरा बहुतेकदा मरतो तो खुनी ओळखला म्हणूनच. त्यामुळे ते वाक्य कुणाच्या कानावर पडलं असेल त्यांचीच वेगळी यादी करा. अर्धे संशयित तिथेच गळतात.

पुस्तकाचा एक पंचमांश राहिला असताना नायिका एखादी क्षुल्लक गोष्ट बघून एकदम थबकते, आणि आपल्याला काही सांगत नाही. पुस्तक तिथे मिटा. नाव, कारण आणि निदान दोन पुरावे पान नंबरांसह लिहा, मगच पुढे जा. ‘ज्याच्यावर संशयच येत नाही तोच’ या हिशोबाने नाव कधीकधी बरोबर येतं, पण ते उत्तर धरायचं नाही. ती युक्ती लेखकालाही माहीत असते. यापुढे नायिका एकटीच खुन्याला गाठणार आणि तिचा फोन नेमका बंद असणार. चिडू नका, तो रिवाज आहे. लहानशा गावात इतके खून कसे, हा प्रश्नही सोडून द्या. ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकन टीव्ही मालिका १९८४ ते १९९६ चालली, आणि तिच्यातल्या कॅबट कोव्ह गावाचं नाव या खोडीलाच चिकटलं.

ई-बुकमध्ये विसरलेलं नाव सर्चमध्ये टाकायचा मोह होतो, पण निकालांत शेवटच्या प्रकरणातली वाक्यंही दिसतात. त्यापेक्षा कागद बघा. ऑडिओबुकमध्ये मागचं पान उलटणं जिकिरीचं, म्हणून ते दुसऱ्या वाचनासाठी ठेवा. एकाच मालिकेचे चार-पाच भाग सलग वाचले की साचा उघडा पडतो आणि तीच ओळखपाळख पुन्हा पुन्हा वाचावी लागते. मधे दुसरं काही घ्या.

उत्तर चुकलं तर फक्त खुनी जिथे जिथे येतो तेवढीच पानं परत चाळा. धागा तिथे होता आणि तुम्ही तो ओलांडलात, तर लेखक जिंकला. धागा शेवटच्या प्रकरणातच पहिल्यांदा दिसला, तर त्या मालिकेचा पुढचा भाग विकत घेऊ नका.