एका सेट-टॉप बॉक्सवर दोन छत्र्या : नागपूरच्या गच्चीवरची जोडणी

डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत सेवा, कू-बँड या लहरींवर चालणारी) आणि सी-बँड या दुसऱ्या लहरींवरच्या मोफत वाहिन्या एकाच टीव्हीवर पाहायच्या असतील, तर दोन छत्र्या (डिश), दोन एलएनबी (छत्रीपुढे बसणारे, सिग्नल पकडणारे यंत्र) आणि एक डायसेक स्विच (बॉक्सच्या आज्ञेनुसार दोनपैकी एक छत्री एकाच केबलला जोडणारा) एवढ्यावर काम भागते. बॉक्स मात्र डायसेक चालणारा आणि फ्री-टू-एअर, म्हणजे कोणत्याही मोफत वाहिन्या दाखवणारा, घ्यावा. दरमहा पैसे भरायच्या डीटीएच सेवेचा बॉक्स त्याच कंपनीच्या वाहिन्यांपुरता बांधलेला असतो, त्याला दुसरी छत्री जोडून हाती काही लागत नाही.

फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, तर सी-बँडचा जीसॅट-30 हा 83 अंश पूर्वेला आहे. नागपूर 79 अंश रेखांशाच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडून पहिला उपग्रह दक्षिणेपासून सुमारे 35 अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून 60 अंश उंच सापडतो, तर दुसरा 11 अंश पूर्वेकडे आणि 65 अंश उंच. होकायंत्र लोखंडी खांबापासून चार पावले लांब धरावे, नाहीतर सुई खांबाकडेच ओढली जाते.

बहुतेकांची फसगत होते ती उंचीच्या कोनात. फ्री डिशच्या, म्हणजे कू-बँडच्या, लहान छत्रीचा एलएनबी मध्यभागी नसून खालून पुढे आलेल्या दांड्यावर असतो; त्यामुळे 60 अंशांवर नेमकी लावलेली छत्रीसुद्धा डोळ्यांना बरीच उभी दिसते आणि ती चुकली असे समजून लोक तिला आणखी मागे कलवतात. सहा फुटी सी-बँड छत्री मात्र जिकडे तोंड तिकडेच पाहते, म्हणून ती परातीसारखी जवळजवळ आडवी पडते. तिच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्यासाठी छिद्र आहे ना, हे बसवण्यापूर्वीच पाहावे.

खांब ओळंब्यात असलाच पाहिजे. मे महिन्यातले वादळ सहा फुटी छत्रीला गच्चीवरून उचलू शकते, त्यामुळे नुसत्या विटा रचून स्टँड दाबण्यावर मी कधीच विसंबणार नाही. स्लॅबमध्ये अँकर बोल्टच हवेत.

स्विच सर्वांत शेवटी जोडावा. आधी एकेक छत्री थेट बॉक्सला जोडून जुळवावी. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात; स्ट्रेंग्थची पट्टी छत्री भलतीकडे असतानाही भरलेली दिसू शकते, म्हणून लक्ष क्वालिटीवर ठेवावे. छत्री बोटभर सरकवावी, दोन-तीन सेकंद थांबावे, मग पुन्हा सरकवावी. क्वालिटी आली की एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवून ती आणखी वाढते का, ते पाहावे.

आता सी-बँडची केबल स्विचच्या पोर्ट 1 ला आणि कू-बँडची पोर्ट 2 ला लावून मेनूतही तसेच नोंदवावे. मेनूत प्रत्येक एलएनबीसाठी भरायचा आकडा, म्हणजे एलओ फ्रीक्वेन्सी, अनुक्रमे 5150 आणि 9750/10600. केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जात असतात, म्हणून कनेक्टर काढण्या-घालण्यापूर्वी बॉक्सचा प्लग काढावा. आपल्या उन्हात साध्या टेपचा गोंद वितळतो, तेव्हा स्विच छत्रीच्या मागच्या सावलीत, तोंडे खाली करून बांधावा आणि केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

मुसळधार पावसात कू-बँडचे चित्र गोठले तर छत्रीला हात लावू नये. सर ओसरली की क्वालिटी आपोआप परत येते.