पिंक्नी पाळकसाहेबांची आठवण घरी कशी करावी

आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जयंती की पुण्यतिथी? रेव्हरंड क्लेमेंटा पिंक्नी यांचा जन्म ३० जुलै १९७३ चा. १७ जून २०१५ ला अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातल्या इमॅन्युएल चर्चमध्ये, बुधवारच्या बायबल अभ्यासात, एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने त्यांना आणि आणखी आठ जणांना गोळ्या घातल्या. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते, त्या चर्चचे पाळक आणि साउथ कॅरोलिनाच्या सिनेटचे सदस्य.

इथे कोलंबियात, म्हणजे साउथ कॅरोलिनाच्या राजधानीत, आमच्या घरी पहिल्या वर्षी मी १७ जूनलाच सभा ठेवली होती. तासभर सगळे त्या एका रात्रीबद्दल बोलले. बंदूक कुठली, शिक्षा काय झाली, हा देश कसा आहे. निघताना एका काकांनी चपला घालता घालता विचारलं, "पण हे गृहस्थ करत काय होते?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून सभा ३० जुलैला. १७ जूनच्या संध्याकाळी फक्त मेणबत्ती लावायची, नऊ नावं वाचायची आणि गप्प बसायचं. मारेकऱ्याचं नाव घरात घ्यायचं नाही, रागानेसुद्धा नाही.

सभेला वीसेक माणसं पुरे. आमच्याकडे निम्मे ख्रिस्ती, निम्मे हिंदू, एक-दोघं कशालाच न मानणारे. म्हणून सुरुवातीला ओळख करून द्यावी लागते. ती पाच मिनिटांत संपवा आणि त्यात पदव्यांची यादी नको. मी वयं सांगते, ती लक्षात राहतात: १३ व्या वर्षी उपदेशाला सुरुवात, १८ व्या वर्षी पाळक, २३ व्या वर्षी राज्याच्या प्रतिनिधीगृहात, २००० मध्ये सिनेटवर निवड. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक होते. १८ व्या वर्षी त्यांना कुणी रविवारच्या शाळेचा वर्गसुद्धा दिला नसता. 'सिनेटर' म्हटलं की लोकांना वॉशिंग्टन दिसतं, म्हणून सरळ आमदार म्हणा. राज्याच्या सिनेटमध्ये ४६ जण, आणि सगळे थेट लोकांनी निवडलेले.

मग कुणीतरी म्हणतंच, पाळकाने राजकारणात कशाला पडावं? आमच्या गावाकडेही हेच म्हणत. या प्रश्नाला वेळ द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. इमॅन्युएल हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या काळ्या लोकांच्या मंडळीचं चर्च. १८२२ मध्ये डेन्मार्क वेसी यांनी गुलामांच्या उठावाची तयारी केली. ते याच मंडळीतले. त्यांना फाशी झाली आणि चर्च जाळलं गेलं. १८३४ मध्ये काळ्यांच्या चर्चवर बंदी आली, तेव्हा मंडळी १८६५ पर्यंत लपूनछपून उपासना करत राहिली. यादवी युद्धानंतर ती पुन्हा उभी करणारे पाळक रिचर्ड केन. ते आधी राज्याच्या सिनेटमध्ये गेले, मग अमेरिकन काँग्रेसमध्ये. ज्यांना दुसरीकडे कुठे चार माणसं जमवता येत नव्हती, त्यांची शाळा, पंचायत आणि कचेरी सगळं चर्चमध्येच. तिथला पाळक आमदार झाला यात नवल कसलं? पिंक्नींचं सांगणंही असंच होतं की पाळकाचं काम चर्चच्या चार भिंतींत संपत नाही, भोवतालची वस्तीही त्याच्याच पदरात असते.

मांडणी साधी ठेवा: दोन खुर्च्या. त्यांच्या मृत्यूनंतर सिनेटमधल्या त्यांच्या मेजावर काळं कापड आणि गुलाब ठेवला होता, आणि त्या रविवारी चर्चमधली त्यांची खुर्चीही काळ्या कापडाने झाकली होती. घरी आपण तेच करतो. काळी सुती ओढणी चालते, चकाकणारी नको. एका खुर्चीवर पवित्र शास्त्र, दुसरीवर त्यांनी पुढे रेटलेल्या एका कायद्याची छापील प्रत. फोटो दोन्हींच्या मधे. फोटोला हार घालायचा का, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. मी हार आणते, पण फोटोच्या पायाशी ठेवते. दोन्ही बाजू नाराज होतात, म्हणजे बरोबर जमलं असावं.

आता वाचन. हा सभेचा गाभा आहे, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात.

पहिलं वाचन योहान, अध्याय २०, थोमाची गोष्ट. पुन्हा जिवंत झालेल्या येशूच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, म्हणणारा त्याचा शिष्य थोमा. आपल्याकडे तो भारतात आला असं मानतात, त्यामुळे केरळचे पाहुणे असतील तर ते लगेच सरसावून बसतात. वाचून झालं की सांगा: ४ एप्रिल २०१५ ला नॉर्थ चार्ल्सटनमध्ये वॉल्टर स्कॉट या निःशस्त्र माणसाला एका पोलिसाने पळताना पाठीत गोळ्या घातल्या. पिंक्नी सिनेटमध्ये उभे राहिले आणि हीच गोष्ट सांगितली. पोलीस असं करेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता, चित्रफीत पाहिली तेव्हा आपण सगळे थोमासारखे झालो, अशा अर्थाचं ते बोलले. मागणी होती पोलिसांच्या अंगावर कॅमेरा लावण्याची. विरोधी बाकावरचा माणूस, तरी आवाज चढवला नाही. त्या कायद्यावर १० जूनला सही झाली. त्यांच्या हातात मोजून एक आठवडा उरला होता. खुर्चीवर ठेवायची प्रत ती हीच. वाचणारा जमल्यास तरुण घ्या, आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून घ्या.

दुसरं वाचन मार्क, अध्याय ४, पेरणाऱ्याचा दाखला. त्या रात्री चर्चमध्ये हाच भाग चालू होता. दिवसा कोलंबियात सिनेटचं काम आटोपून पिंक्नी गाडी हाकत चार्ल्सटनला परतले होते, जवळपास दोन तासांचा रस्ता. खडकाळ जमीन, काटेरी जमीन, चांगली जमीन: नगरकडच्या माणसाला यावर प्रवचन लागत नाही. वाचा आणि थांबा.

झेंड्याची गोष्ट मुलांना सांगायला ठेवा, त्यांना ती नेमकी कळते. २४ जूनला त्यांचा देह घोड्यांच्या गाड्यावरून स्टेट हाऊसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत, आणला. घुमटावरचे झेंडे अर्ध्यावर होते, पण आवारातला कॉन्फेडरेट झेंडा, गुलामगिरीसाठी लढलेल्या बाजूचा, पूर्ण उंचीवर फडकत होता. तो हलवायचा तर विधिमंडळाचं दोन तृतीयांश मत लागे. आतल्या एका खिडकीतून तो दिसू नये म्हणून तिच्यावर काळा पडदा ओढला होता. दोन दिवसांनी अंत्यविधीत ओबामांनी भाषण केलं आणि बोलता बोलता 'अमेझिंग ग्रेस' हे भक्तिगीत गायला लागले. मग प्रतिनिधीगृहात ९४ विरुद्ध २० मतं पडली आणि १० जुलैला झेंडा उतरला. आमच्या मुलांना तो पडदा सर्वांत जास्त आठवतो.

भाषणं नकोत. त्याऐवजी एक काम द्या. प्रत्येकाने फोन काढून आपल्या घरच्या पत्त्यावरून आपला राज्य सिनेटर शोधायचा. पहिल्या खेपेला चौदा मोठ्यांपैकी दोघांनाच नाव माहीत होतं, आणि त्या दोघांत मी नव्हते. बाकीच्यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्याबद्दल मात्र चाळीस मिनिटं बोलता आलं असतं! नाव सापडलं की शाळा, दवाखाना, रस्ता, कशाबद्दलही चार ओळी लिहायच्या आणि तिथेच पाठवायच्या. मताचा हक्क नसला तरी पत्र लिहिता येतं.

पैसे गोळा करू नका, हिशेबावरून मनं दुखावतात. आम्ही मुलांची पुस्तकं आणायला सांगतो आणि ग्रंथालयाला देतो, कारण त्या नऊ जणांत सिंथिया हर्ड होत्या, चार्ल्सटनच्या ग्रंथपाल. तिथल्या एका ग्रंथालयाला आता त्यांचं नाव आहे.

चार्ल्सटनला जायचं असेल तर रविवारी उपासनेला जा, पाय न वाजवता बसा, फोन बाहेर काढू नका. चर्च कॅलहून स्ट्रीटवर आहे. गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्या कॅलहूनचं नाव रस्त्याला अजून आहे, जवळच्या चौकातला त्याचा पुतळा मात्र २०२० मध्ये काढला.

जेवणात इकडचा लाल भात करते, टोमॅटोचा, सॉसेज न घालता. जेवताना जागा कमी पडते, तरी त्या दोन खुर्च्या कुणी ओढायच्या नाहीत. मुलांना खाली सतरंजी घाला. आणि पुढच्या वर्षी थोमा कोण वाचणार, ते लोक दारातून बाहेर पडायच्या आत ठरवा. नंतर कुणी फोन उचलत नाही.