लॅपटॉपला सराउंड स्पीकर जोडताना या चुका टाळा

गेल्या गणपतीत इंदूरला लोकमान्य नगरात काकांकडे पाच स्पीकर आणि खालचे सूर वाजवणारा एक वूफर असा नवा संच आला. आरती झाल्यावर सगळे जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग बघायला बसले. नट बोलायला लागला तर त्याचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा, आणि वूफर प्रत्येक वाक्याला गुरगुरतोय. "संचच खराब निघाला रे," काका म्हणाले. मी कपाटामागे हात घातला. हिरवी, काळी, नारिंगी अशा तिन्ही पिना स्प्लिटरने एकत्र करून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये खोचल्या होत्या. दुकानदाराने सांगितलं होतं, "लगा दो भिया, छहों चलेंगे."

सहाही वाजत होते, हे खरं. पण हेडफोन जॅकमधून दोनच चॅनल बाहेर पडतात, डावा आणि उजवा. संचाची हिरवी पिन पुढच्या दोन स्पीकरची, काळी मागच्या दोघांची. नारिंगी पिनेत एक तार मधल्या स्पीकरची आणि दुसरी वूफरची असते. स्प्लिटर लावला की एका बाजूचा अख्खा आवाज मधल्या स्पीकरमध्ये जातो आणि दुसऱ्या बाजूचा वूफरमध्ये. काकांचा वूफर संवाद बोलत होता तो त्यामुळे. संचात काहीच दोष नव्हता. ही चूक मला सगळ्यात जास्त घरांत दिसते, आणि वाईट याचं वाटतं की लोक चांगला संच परत करून येतात.

म्हणून तार विकत घ्यायच्या आधी संचाची मागची बाजू टॉर्च लावून बघा. तीन रंगीत पिनांचा संच असेल तर लॅपटॉपला यूएसबीवर चालणारं 5.1 (पाच स्पीकर, एक वूफर) साउंड कार्ड लागतं. त्यावर पुढचे स्पीकर, मागचे स्पीकर आणि सेंटर-वूफर यांचे तीन वेगळे जॅक दिसले पाहिजेत. बोटाएवढं, दोनच भोकांचं कार्ड 'सेव्हन पॉइंट वन' असं छापून मिळतं, ते घेऊ नका. त्यातलं एक भोक हेडफोनचं, दुसरं माइकचं. सराउंडचा तिथे फक्त आभास असतो.

एव्ही रिसीव्हर, म्हणजे आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा वेगळा डबा, असेल तर एचडीएमआयसारखा सोपा रस्ता नाही. एकाच केबलमधून आठ चॅनलपर्यंत आवाज जातो. पण केबल रिसीव्हरच्या 'इन' लिहिलेल्या भोकात गेली पाहिजे. स्वस्त होम थिएटरना बऱ्याचदा एकच एचडीएमआय भोक असतं आणि त्यावर 'एआरसी' लिहिलेलं असतं. ते टीव्हीकडून आवाज घेण्यासाठी आहे. लॅपटॉप तिथे लावला तर काहीच वाजणार नाही. अशा वेळी लॅपटॉप टीव्हीला आणि टीव्ही एआरसीने संचाला जोडावा लागतो. त्यातही एक अडचण आहे. साध्या एआरसीमधून डॉल्बी डिजिटलसारखा दाबून बांधलेला 5.1 आवाज जातो, सुटा मल्टिचॅनल आवाज जात नाही. त्यासाठी टीव्ही आणि संच दोन्हीकडे ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, हवी. ऑप्टिकल केबलचंही तसंच: सुटा आवाज फक्त स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा. तेव्हा प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पासथ्रू चालू करा, म्हणजे फाइलमधला डॉल्बीचा आवाज न उलगडता पुढे जाईल आणि संच तो स्वतः उलगडेल.

लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर ॲडॉप्टर घेण्याआधी त्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं का, ते मॉडेलच्या माहितीत तपासा. सगळ्या टाइप-सी पोर्टमधून येत नाही. ब्लूटूथवरही सराउंडची आशा नको, नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीत स्टीरिओच जातो.

तारा बरोबर असूनही मागचे स्पीकर मुके? मग विंडोजकडे वळा. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, मग 'मोअर साउंड सेटिंग्ज'. प्लेबॅकमध्ये आपलं उपकरण निवडून 'कॉन्फिगर' दाबा, 5.1 सराउंड घ्या आणि 'टेस्ट' करा. यादीत फक्त स्टीरिओ दिसत असेल तर लॅपटॉपला समोर दोनच चॅनल दिसताहेत. पुन्हा केबल आणि भोक तपासा. एचडीएमआयवर आणखी एक गोष्ट होते. स्क्रीनच्या पर्यायांत 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडलं की चित्राबरोबर आवाजाचं उपकरणही गायब होतं. 'डुप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' ठेवा.

टेस्टच्या वेळी कोणालातरी लॅपटॉपपाशी बसवा आणि स्वतः रोजच्या खुर्चीत बसा. काकांकडे 'मागचा डावा' असं स्क्रीनवर उजळलं आणि टोन आला उजवीकडून. काकूंनी झाडताना स्पीकर उचलून ठेवले होते, त्यांची अदलाबदल झाली होती. मागचे स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात नकोत. बसणाऱ्याच्या कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे, दोन्ही बाजूंना ठेवा. नागड्या तारांचे स्पीकर असतील तर प्रत्येकाची लाल लालला, काळी काळीला. एका जरी स्पीकरची उलटी लागली तरी खालचे सूर पोकळ वाटतात.

घुंऽऽ असा सततचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बॅटरीवर आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे लॅपटॉप आणि संच यांच्या अर्थच्या तारांतून तयार झालेलं वर्तुळ. ऑडिओ तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, बहुतेक वेळा काम होतं. अर्थची जाड पिन तोडून घरघर घालवणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. बिघाड झाला तर करंट जमिनीत नेणारी तीच पिन आहे.

शेवटी एक गोष्ट, खास आपल्या इंदूरकरांसाठी. लताबाईंचा जन्म इथलाच, 28 सप्टेंबर 1929चा, आणि घराघरात त्यांची पन्नासच्या दशकातली गाणी लागतात. ती गाणी मोनोत, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, ध्वनिमुद्रित झालेली आहेत. रिसीव्हरचा 'हॉल' किंवा 'थिएटर' मोड ती सहा ठिकाणी पसरवतो आणि आवाजाची कड विरघळते. काकांना मी रिमोटवरचं 'स्टीरिओ'चं बटण दाखवलं. नाटक-सिनेमा संपला की ते आता आठवणीने ते दाबतात, आणि बाईंचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, समोर उभा राहतो.