अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज: गावाकडची कागदपत्रं आधी कशी जुळवायची

ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली की अर्जाचे वेध लागतात आणि मग गावी फोन जातो, "बाबा, आमच्या लग्नाचा दाखला काढून ठेवा." वरुड असो, दारव्हा असो की ब्रह्मपुरी, पुढच्या चकरा घरच्या म्हाताऱ्या माणसांना पडतात. कुठे नावातली वेलांटी चुकलेली निघते, कुठे रजिस्टरच सापडत नाही. म्हणून नागरिकत्वाच्या अर्जाचा एन-400 हा फॉर्म उघडण्याच्या निदान सहा महिने आधी गावाकडच्या कामाला लागा. अमेरिकेतली बरीचशी कागदपत्रं घरबसल्या मिळतात, गावची तशी मिळत नाहीत.

आधी एक तक्ता करा

कोऱ्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहा. समोर ते पासपोर्टवर कसं आहे, ग्रीन कार्डावर कसं आहे, टीसीवर कसं आहे, लग्नाच्या दाखल्यावर कसं आहे, हे अक्षरन् अक्षर उतरवा. फरक दिसेल तिथे लाल खूण करा.

आपल्याकडे दोन जागी हमखास खूण पडते. पहिली जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून किंवा 1 जुलै टाकली आणि तीच दहावीच्या सनदेवर, पासपोर्टवर गेली, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात मात्र खरी तारीख पडून असते. अर्जात कुठली तारीख लिहायची हे आधीच ठरवा, कारण मुलाखतीत तुम्ही जी तारीख शपथेवर खरी म्हणून सांगता तीच नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर छापली जाते. नंतर "खरी तारीख वेगळी होती" म्हटलं तर ती बदलून मिळत नाही. दोन तारखांचा प्रश्न असेल तर अर्ज पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. हा खर्च वाचवू नका.

दुसरी खूण बायकांच्या नावाची. माहेरची सुनीता रामराव सासरी वैष्णवी गजानन होते. तांदळात नवं नाव लिहिलं जातं, पुढे रेशन कार्डावर तेच चढतं आणि पासपोर्टवर तिसरंच काहीतरी असतं. एन-400 मध्ये आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. ती सगळी लिहा, माहेरचं नाव, वडिलांचं मधलं नाव, सगळं. यात लपवण्यासारखं काहीच नाही. लिहिलेलं नाव अधिकाऱ्याला खटकत नाही, न लिहिलेलं सापडलं की प्रश्न सुरू होतात.

गावातून काय आणायचं

अर्जदाराचा स्वतःचा जन्मदाखला एन-400 सोबत सहसा मागत नाहीत. त्यासाठी घाबरून धावाधाव करू नका. लागतो तो लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले. मूल यवतमाळला जन्मलेलं असेल, ग्रीन कार्डावर तुमच्याजवळ राहत असेल आणि अठरा वर्षांच्या आत असेल, तर आई किंवा वडील नागरिक होताच तेही नागरिक होतं. पण त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढताना आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला दाखवावाच लागतो. दाखल्यावर आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं, हे तेव्हा कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

लग्नाची नोंद गावात ग्रामसेवकाकडे होते (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). लग्नपत्रिका आणि फोटो म्हणजे नोंद नव्हे. नोंद झालीच नसेल तर गावी येण्याच्या सुट्टीत पहिलं काम तेच धरा, कारण नवरा-बायको दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात.

आधीचं लग्न मोडलं असेल तर तेही सांगावं लागतं, मग ते कितीही थोडे दिवस टिकलेलं असो. कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढा. चार माणसं बसवून शंभराच्या स्टॅम्पवर केलेली फारकत असेल तर ती तशीच अर्जाला जोडून मोकळं होऊ नका, आधी वकिलाला दाखवा. घरातले म्हणतील, "जुनं कशाला उकरायचं?" त्यांना समजावून सांगा, कारण इथली लपवाछपवी तिकडे खोटं बोलणं ठरते.

जुन्या पिढीच्या नोंदींसाठी एक जागा बरेच जण विसरतात. विदर्भात जन्ममृत्यूची नोंद पूर्वी कोतवालाच्या बुकात व्हायची आणि ती बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करून नक्कल मागता येते. नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, "अमक्यास मुलगी झाली" एवढंच आणि तारीख. आईवडिलांचं ग्रीन कार्ड करताना अशी नक्कल शाळेच्या दाखल्यासोबत कामी येते. जन्माची नोंदच नसेल तर उशिराच्या नोंदीसाठी आता दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 2025 पासून महाराष्ट्रात या दाखल्यांची छाननी बरीच कडक झाली आहे. "आठ दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. रद्द झालेला दाखला अमेरिकेच्या फाइलमध्ये राहिला तर तो निस्तरणं महाग पडतं.

भाषांतर

नवे जन्मदाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत येतात. जुना हाती लिहिलेला मराठी दाखला असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. मागच्या बाजूचा शिक्का, कोपऱ्यातला शेरा, सगळं त्यात आलं पाहिजे. दोन्ही भाषा येणारं कोणीही भाषांतर करू शकतं. "भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात" असं लिहून नाव, पत्ता, तारीख, सही एवढं पुरतं, नोटरी लागत नाही.

अर्ज कधी आणि कसा

पाच वर्षं पूर्ण होण्याच्या 90 दिवस आधी अर्ज करता येतो. अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन त्याच्यासोबत राहत असाल तर पाचाऐवजी तीन वर्षं. पाच वर्षांत निदान 30 महिने अमेरिकेत काढलेले हवेत. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य अखंड होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, वर्ष ओलांडलं तर ते तुटतंच. वडिलांच्या आजारपणात कापूस वेचणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत गावी राहिलेल्यांनी पगाराच्या पावत्या, घरभाडं, टॅक्सचे ट्रान्सक्रिप्ट (सरकारी उतारे) आणि वडिलांच्या दवाखान्याची कागदपत्रं एकत्र ठेवावीत. चोवीस तासांपेक्षा मोठ्या सगळ्या फेऱ्यांची यादी पासपोर्टच्या शिक्क्यांवरून करा, आठवणीवरून नको. ऑनलाइन अर्जाला 710 डॉलर, कागदी अर्जाला 760.

मुलाखत

नेमणुकीची नोटीस, ग्रीन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, जुने-नवे सगळे पासपोर्ट आणि मूळ दाखले सोबत घ्या. शपथ देऊन अधिकारी तुमचाच अर्ज तुम्हाला विचारतो. म्हणून पाठवलेल्या अर्जाची प्रत आदल्या आठवड्यात रोज वाचा. अर्ज केल्यानंतर नोकरी, पत्ता किंवा फेऱ्या बदलल्या असतील तर आपणहून सांगा.

इंग्रजी वाचायला आणि लिहायला तीन-तीन वाक्यं असतात, त्यातलं एकेक जमलं की झालं. 20 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांना नागरिकशास्त्राची नवी परीक्षा आहे: 128 प्रश्नांच्या यादीतले 20 विचारतात, 12 बरोबर हवेत. नापास झालात तर त्याच अर्जावर आणखी एक संधी मिळते.

मुलाजवळ राहणाऱ्या आईवडिलांना हे माहीत नसतं म्हणून ठळक सांगतो: वय 50 आणि ग्रीन कार्डाला 20 वर्षं, किंवा वय 55 आणि 15 वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ असते. दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. पासष्टी ओलांडलेल्या आणि 20 वर्षं ग्रीन कार्ड असलेल्यांना प्रश्नही कमी आणि सोपे. इंग्रजी येत नाही म्हणून आईला मागे ठेवू नका.

शपथेआधी शेताचं काम

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड). यात वेळ जातो, म्हणून बहिणीच्या लग्नाची तिकिटं शपथेच्या तोंडावर काढू नका.

ओसीआयधारकाला शेती विकत किंवा बक्षीस म्हणून घेता येत नाही. हे बंधन परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही आहेच. वारसाने मात्र शेती मिळते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. आजोबांच्या नावावरचा सातबारा तसाच पडलेला असेल तर वारस नोंद आणि फेरफार आताच करून घ्या, कारण आज तुमचं नाव पासपोर्ट, आधार आणि सातबाऱ्यावर एक आहे. नागरिकत्वासोबत नाव बदललंत तर तलाठी कार्यालयात एकच माणूस असल्याचा पुरावा नव्याने जुळवावा लागेल. भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते वकिलातीत साक्षांकित करा किंवा अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) करून पाठवा. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला भावाला सांगा.