स्पीकरमधली शिट्टी नेमकी शिरते कुठून? गाडीच्या स्टिरिओतला नॉइज शोधण्याची पद्धत

इंजिन सुरू झालं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाते. ही तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुतेक वेळा हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या मुख्य स्टिरिओच्या) वायरीत एक फिल्टर बसवून मिळतो. आवाज थोडा दबतो, पण जात नाही, कारण दोष जिथे आहे तिथे कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणून आधी नॉइज कुठून शिरतोय ते ठरवा, खर्चाचं नंतर बघा.

सामान फार लागत नाही: डिजिटल मल्टीमीटर, चारेक मीटर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, एक जादा आरसीए केबल (हेड युनिटमधून अँप्लिफायरकडे, म्हणजे अँपकडे, गाण्याचा सिग्नल नेणारी) आणि दोन सुटे आरसीए पिन. तपासणी उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. जागाही बघून निवडा. आमच्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडून येणाऱ्या उच्चदाबाच्या तारांखाली किंवा अंबड-सातपूरच्या वेल्डिंग शेडला लागून रेडिओ तपासलात, तर बाहेरचाच आवाज गाडीच्या माथी माराल.

पहिलं काम कानाचं. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची, असते. १२ ध्रुवांचा अल्टरनेटर आणि पुलीचं गुणोत्तर २.५ धरलं, तर इंजिनच्या ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्यांना) ही शिट्टी साधारण १२०० हर्ट्झची असते आणि २००० आरपीएमला ३००० हर्ट्झवर जाते. फेऱ्यांबरोबर वेग बदलणारी टकटक पेट्रोल गाडीत इग्निशनची असते. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतात, पण कॉमन रेल इंजेक्टरना मिळणाऱ्या झटक्यांमुळे तशीच टकटक ऐकू येऊ शकते. वायपर, इंडिकेटर किंवा काच वर करणारी मोटर चालवल्यावरच येणारा आवाज त्या-त्या मोटरचा किंवा रिलेचा. इंजिन बंद असतानाही सतत फुसफुस येत असेल, तर बहुधा अँपचा गेन (हेड युनिटच्या सिग्नलशी अँप जुळवायची कळ) जास्त चढवलेला आहे. हेड युनिटचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवा, गेन शून्यावरून सावकाश वाढवत न्या आणि गाणं फाटायच्या आधी थांबा. गेनची ती कळ व्हॉल्यूम वाढवण्यासाठी नसतेच.

आता सगळ्यांत सोपी आणि हल्ली सगळ्यांत जास्त सापडणारी गोष्ट. मोबाईल चार्जरला लावलेला आणि ऑक्स केबलनेही जोडलेला असेल, तर चार्जर काढून पाहा. शिट्टी क्षणात थांबली, तर बाकी काही उघडायची गरज नाही. फोनला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) दोन वाटांनी मिळत होता, एक चार्जरमधून आणि दुसरा ऑक्सच्या वायरीतून, आणि त्या दोघांतला फरक गाण्यात मिसळत होता. ऑक्सच्या वाटेत ३.५ मिलिमीटरचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा किंवा ब्लूटूथ वापरा. आयसोलेटर इथे योग्य आहे. अँपच्या आरसीएवर तो लावणं मात्र दोष झाकणं आहे, शिवाय स्वस्त आयसोलेटर बेस खातो.

वेगळा अँप बसवलेल्या गाडीत साखळी मधोमध तोडायची. सिस्टीम बंद करा. सुट्या आरसीए पिनचं मधलं टोक बाहेरच्या कड्याशी सोल्डर करून जोडा. अँपमधल्या आरसीए केबल काढा आणि हे पिन अँपच्या इनपुटमध्ये घाला. ते हेड युनिटच्या आउटपुटमध्ये कधीही घालू नका. आता इंजिन सुरू करा. शिट्टी तशीच राहिली, तर दोष अँपच्या पॉवरमध्ये, अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत आहे. शिट्टी गेली, तर अँप निर्दोष आहे. हेड युनिट आणि केबलकडे वळा.

तिकडे वळताना जादा आरसीए केबल सीटवरून मोकळी टाकून जोडा. आवाज गेला, तर जुनी केबल खराब आहे किंवा पॉवरच्या वायरीला चिकटून गेली आहे. पॉवर एका बाजूच्या दाराखालून आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची. ओलांडावी लागलीच तर काटकोनात. केबल बदलूनही आवाज असेल, तर तिचं हेड युनिटकडचं टोक काढून तिथे फोन जोडा. फोन स्वतःच्या बॅटरीवर चालू हवा, चार्जरवर नको. फोनवरचं गाणं स्वच्छ वाजलं, तर दोष हेड युनिटकडे आहे.

हेड युनिटमध्ये दोन ठिकाणं बघायची. एक म्हणजे मागची काळी अर्थ वायर. ती पिळून टेप मारलेली असेल, तर नीट सोल्डर करून स्लीव्ह चढवा. हेड युनिटच्या पत्र्याच्या डब्यापासून अँपच्या अर्थपर्यंत ती चार मीटरची वायर तात्पुरती जोडून पाहा. शिट्टी उतरली, तर या दोघांच्या अर्थमध्येच फरक आहे. दुसरं ठिकाण सहसा कोणी बघत नाही. काही हेड युनिटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आतून अगदी बारीक फ्यूज असतो. सिस्टीम चालू असताना आरसीए ओढली किंवा पॉवरची वायर तिला चुकून टेकली की तो उडतो आणि एकाएकी मोठी शिट्टी सुरू होते. सिस्टीम बंद करून, केबल काढून आरसीएचं कडं आणि हेड युनिटचा डबा यांच्यामध्ये मीटर लावा. जवळपास शून्य ओहम यायला हवेत. शेकडो ओहम दिसले किंवा मीटर काहीच दाखवत नसला, तर फ्यूज गेला आहे आणि काम इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याचं आहे. डॅशबोर्डमागे हात घालताना पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

अर्थची तपासणी ओहमवर करायची नाही. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो, त्यात खरा दोष बुडून जातो. व्होल्ट मोजायचे. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, गाणं मोठ्याने. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं अँपच्या अर्थ टर्मिनलवर लावा. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चालेल. जास्त असेल, तर दुसरं टोक टप्प्याटप्प्याने सरकवा: अँपचं टर्मिनल, वायरीची थिंबल (टोकाला बसवलेली धातूची कडी), बोल्ट, बोल्टशेजारचा उघडा पत्रा. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच दोष आहे. पत्र्यावरसुद्धा आकडा मोठाच राहिला, तर बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या अर्थ पट्ट्या काढून घासा.

आमच्या भागात हा दोष पावसाळ्यात हमखास वर येतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात भिजलेल्या गाडीत डिकीच्या मॅटखाली ओल राहते आणि अर्थचा बोल्ट गंजतो. नवीन अर्थ देताना रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, थिंबल नीट क्रिम्प करा, बोल्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस लावायचं नाही. वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जीव वाचवण्यासाठी आहे. भोक पाडायचं असेल तर खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही, हे वाकून बघा.

सगळं ठीक असूनही शिट्टी असेल, तरच अल्टरनेटरवर संशय घ्या. १५०० ते २००० आरपीएमवर, दिवे लावून, बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरमधला एसीचं डीसी करणारा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. स्वस्त मीटर एसी रेंजमध्ये डीसीसुद्धा मोजतो आणि २६-२८ असा भलताच आकडा दाखवतो. तेव्हा एका प्रोबच्या वाटेत १ मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर घाला. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासायची जुनी सवय मात्र कृपा करून सोडा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) जाऊ शकतो.

फक्त एफएमवर खरखर असेल, तर वरचं काहीच लागू होत नाही. अँटेनाची पिन हेड युनिटमधून काढा. खरखर तशीच राहिली, तर नॉइज पॉवरच्या वाटेने येतोय. स्टेशनबरोबर खरखरही गेली, तर ती अँटेनातून येते आहे. पिन परत लावून डॅशकॅम, चार्जर आणि नंतर बसवलेले एलईडी हेडलाइट एकेक बंद करा. गुन्हेगार सापडला की त्याच्या वायरीवर, त्या उपकरणाच्या अगदी जवळ, क्लिपचा फेराइट (वायरीतला नॉइज अडवणारा मणी) बसवा आणि जमतील तर त्यातून तीन-चार वेढे घ्या. वेढे दुप्पट केले की परिणाम जवळपास चौपट होतो. कोणताच गुन्हेगार सापडला नाही, तर छतावरचा अँटेनाचा पाया उघडून त्याची अर्थ गंजली आहे का ते पाहा.